अभियांत्रिकी पदवी : प्रवेशाचा अंदाज आणि खर्चाचा हिशेब

महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीचे बहुतेक प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून होतात. ही प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष चालवतो. विद्यार्थी-पालकांच्या तोंडी तो ‘सीईटी सेल’ असतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी २०१५ साली राज्याने कायदा केला आणि प्रवेश व शुल्क दोन्ही नियमनाखाली आणले. प्रवेशांवर प्रवेश नियामक प्राधिकरण देखरेख ठेवते, फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

कायद्यात शेजारी असलेल्या या दोन गोष्टींचा विचार घरात मात्र वेगवेगळ्या वेळी होतो. निकाल लागला की कटऑफची चर्चा सुरू होते आणि फीची जुळवाजुळव जागा मिळाल्यावर. हा क्रम कुटुंबाला महागात पडतो. बहुतेक शुल्कसवलती जागा कोणत्या मार्गाने मिळाली यावर अवलंबून असतात आणि तो मार्ग ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज, भरतानाच ठरतो. म्हणून शक्यतेचा अंदाज आणि चार वर्षांचा खर्च हे दोन्ही आकडे पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी हातात असायला हवेत.

पर्सेंटाइल आणि गुणवत्ता क्रमांक

एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गटाची परीक्षा २०० गुणांची असते. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, त्यामुळे कच्च्या गुणांची थेट तुलना न करता पर्सेंटाइल काढतात. आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी किती परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, हे पर्सेंटाइल सांगतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत.

अंदाज चुकण्याचे सर्वांत मोठे कारण इथेच आहे. पर्सेंटाइल हे प्रमाण आहे आणि जागांचे वाटप क्रमांकाने होते. २०२४ साली पीसीएम गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार जणांनी दिली. २०२५ साली हा आकडा ४ लाख २२ हजारांच्या पुढे गेला. ९५ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे २०२४ मध्ये साधारण पावणेपंधरा हजार परीक्षार्थी होते, तर २०२५ मध्ये एकवीस हजारांहून अधिक. निकालपत्रावरचा आकडा तोच राहिला, स्पर्धेतले स्थान मात्र सहा हजारांनी मागे गेले. गेल्या वर्षीच्या पर्सेंटाइलवरून यंदाचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत होते ती अशी.

त्यामुळे तुलना करायची ती राज्य गुणवत्ता क्रमांकाची. नोंदणी आणि कागदपत्रांची छाननी झाल्यावर सीईटी सेल आधी तात्पुरती आणि हरकती निकाली काढून मग अंतिम गुणवत्ता यादी लावतो. परीक्षा दिलेले सगळे विद्यार्थी प्रवेशासाठी नोंदणी करत नाहीत, म्हणून या यादीतला क्रमांक वास्तवाच्या अधिक जवळचा असतो. पात्रतेची अट वेगळी पाहावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि ठरवून दिलेल्या तिसऱ्या विषयात मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात.

कटऑफ यादी वाचण्याची रीत

प्रत्येक फेरीनंतर कटऑफची यादी प्रसिद्ध होते. महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्ग यांच्या प्रत्येक चौकटीत त्या फेरीत जागा मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा गुणवत्ता क्रमांक असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. ‘जीओपीईएनएस’ म्हणजे राज्यस्तरावरची सर्वसाधारण खुली जागा, ‘एलओपीईएनएस’ म्हणजे खुल्या प्रवर्गातील महिलांची जागा. शेवटचे अक्षर एच असेल तर ती जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या उमेदवारांची, ओ असेल तर क्षेत्राबाहेरच्यांची. जिथे ही विभागणी लागू आहे तिथे प्रमाण ७० : ३० असते. नागपूर भागात बारावी झालेल्या विद्यार्थ्याने पुण्यातल्या महाविद्यालयाचा एच रकाना पाहून आशा धरली, तर तो अंदाज निरुपयोगी ठरतो.

एकाच वर्षाची यादी पुरेशी नसते. किमान दोन-तीन वर्षांच्या, आणि तेही पहिल्या व शेवटच्या फेरीच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर कटऑफ किती खाली सरकते ते दिसते. जागांची संख्या बदलली का, हेही पाहावे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली. त्यानंतर अनेक ठिकाणी संगणक व त्याच्याशी संबंधित शाखांच्या जागा वाढल्या. ज्या शाखेच्या तुकड्या वाढल्या, तिची जुनी कटऑफ यंदा जशीच्या तशी लागू होत नाही.

या वाचनातून पर्यायांचे तीन गट पडतात. मागच्या वर्षांच्या शेवटच्या फेरीचा क्रमांकही विद्यार्थ्याच्या क्रमांकाच्या बराच पुढे थांबला असेल, तर तो पर्याय आवाक्याबाहेरचा. विद्यार्थ्याचा क्रमांक पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या दरम्यान पडत असेल, तर तो चुरशीचा. पहिल्याच फेरीत त्याच्यापेक्षा बऱ्याच मागच्या क्रमांकाला जागा मिळाली असेल, तर तो खात्रीचा. चांगल्या फॉर्ममध्ये तिन्ही गट असतात. खात्रीचा गट रिकामा ठेवणारे विद्यार्थी दरवर्षी शेवटच्या फेरीनंतर हातात काही न उरता व्यवस्थापन कोट्याच्या दारात उभे राहतात.

जागा कुठे कुठे असतात

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात सगळ्या जागा एकाच गुणवत्ता यादीने भरत नाहीत. साधारण २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरतात. लोक त्यांनाच व्यवस्थापन कोटा म्हणतात. १५ टक्क्यांपर्यंत जागा अखिल भारतीय असून त्यांसाठी जेईई मेनचे गुण धरतात, आणि त्यांना महाराष्ट्रातले विद्यार्थीही पात्र असतात. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत ५१ टक्के जागा त्या समाजासाठी असतात, त्यामुळे एकाच महाविद्यालयात दोन विद्यार्थ्यांच्या शक्यतेत मोठा फरक पडू शकतो.

शुल्कमाफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा मंजूर क्षमतेच्या वर पाच टक्क्यांपर्यंत असतात. साठ जागांच्या तुकडीला अशा फक्त तीन. त्यांचा चॉइस कोड स्वतंत्र असतो आणि तो फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. जागा थोड्या आणि मागणी मोठी, म्हणून त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा त्यांची कटऑफ सहसा वर असते.

कॅपच्या बाहेर आणखी दोन वाटा आहेत. नागपूरची व्हीएनआयटी ही राज्यातली एकमेव एनआयटी. तिथले प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर ‘जोसा’ समुपदेशनातून होतात आणि निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात. दुसरी वाट खासगी आणि अभिमत विद्यापीठांची. त्यांची प्रवेशपद्धती आणि फी निराळी असते, आणि राज्याच्या मोठ्या शुल्कसवलती तिथे सहसा लागू होत नाहीत.

पसंतीक्रम कसा लिहावा

ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याने लिहिलेल्या क्रमाने पर्याय तपासून पहिली उपलब्ध जागा देतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: अवघड पर्याय वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची शक्यता कमी होत नाही. तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय, ते पहिले न लिहिल्याबद्दल, मागच्या गुणवत्तेच्या उमेदवाराला जात नाही. म्हणून क्रम लावायचा तो खऱ्या पसंतीचा. कुठे मिळेल याच्या तर्काचा नव्हे.

बंधन आहे ते जागा स्वीकारण्याचे. २०२५-२६ पासून तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते. विद्यार्थ्याने तिथे प्रवेश घ्यायचा असतो; पुढच्या फेऱ्या त्याच्यासाठी बंद होतात. त्याखालचा पर्याय मिळाला तर जागा हातात ठेवून ‘बेटरमेंट’साठी पुढच्या फेरीत जाता येते, मात्र पुढे वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते.

फीचा विचार फॉर्मपूर्वीच का हवा, याचे उत्तर या नियमांत आहे. वरच्या सहा ओळींत असे एकही महाविद्यालय नसावे, ज्याचा खर्च कुटुंबाला झेपणार नाही. ‘मिळाले तर बघू’ म्हणून लिहिलेला महागडा पर्याय मिळाला की तो स्वीकारणे किंवा प्रक्रियेबाहेर पडणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

दाखल्यांची वेळ

शक्यता आणि सवलत दोन्ही अखेर कागदांवर टिकतात. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर, ईडब्ल्यूएस आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांपैकी लागू असलेले कागद बारावीच्या वर्षातच काढायला घ्यावेत. सर्वाधिक वेळ जात वैधतेला लागतो. नॉन-क्रीमिलेअर प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. मुदतीत कागद आला नाही तर उमेदवार राखीव जागेवरचा हक्क गमावतो आणि खुल्या प्रवर्गातून मोजला जातो. मग आधी बांधलेला सगळा अंदाज कोसळतो.

उत्पन्न मोजण्याची रीतही सगळीकडे सारखी नाही. नॉन-क्रीमिलेअरच्या आठ लाखांच्या मर्यादेत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत; शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे एकूण उत्पन्न लागते. नॉन-क्रीमिलेअर मिळाले म्हणजे फीची सवलतही मिळाली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

चार वर्षांचा खर्च

महाविद्यालयाच्या फीमध्ये दोन मुख्य भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. विकास शुल्क शिक्षण शुल्काच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत असते. परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तके आणि लॅपटॉप हा खर्च वेगळा. बहुतेक सवलती शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरत्या असतात, त्यामुळे ‘फी माफ’ असली तरी विकास शुल्क आणि राहण्या-जेवण्याचा खर्च कुटुंबाकडेच राहतो.

एक नमुना हिशेब पाहू. समजा पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख ४० हजार, विकास शुल्क १४ हजार, आणि वसतिगृह व मेसचा खर्च ८० हजार आहे. सवलत नसेल तर चार वर्षांचा खर्च ९ लाख ३६ हजार होतो. शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळाली तर तो ६ लाख ५६ हजारांवर येतो. टीएफडब्ल्यूएसची जागा मिळाली तर ३ लाख ७६ हजार. आता गावापासून बसने जाता येईल असे महाविद्यालय घेऊ: शिक्षण शुल्क ९० हजार, विकास शुल्क ९ हजार आणि प्रवास १५ हजार. निम्म्या सवलतीसह तिथे चार वर्षांना २ लाख ७६ हजार लागतात. कटऑफच्या यादीत या दोन महाविद्यालयांत काही पर्सेंटाइलचे अंतर असेल. निम्मी सवलत घेऊन शिकणाऱ्या कुटुंबासाठी ते पावणेचार लाखांहून अधिक रुपयांचे अंतर आहे.

शुल्कसवलती

खुल्या प्रवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती होते, आणि लाभ कुटुंबातल्या दोन अपत्यांपुरता असतो. ओबीसी मुलांनाही साधारणपणे निम्मी सवलत मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि त्याहून अधिक उत्पन्न असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींसाठी मोठा बदल केला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी ५० टक्के सवलत २०२४-२५ पासून १०० टक्के झाली. अशा मुलीला टीएफडब्ल्यूएसच्या जागेसाठी कमी आवडती शाखा किंवा दुय्यम महाविद्यालय पत्करण्याचे कारण उरलेले नाही. खुल्या किंवा आपल्या प्रवर्गाच्या जागेवरही तिचे शिक्षण शुल्क माफ होते. फरक एवढाच की टीएफडब्ल्यूएसची माफी प्रवेशासोबतच संपूर्ण अभ्यासक्रमाला लागू होते, आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी अर्ज नव्याने करावा लागतो.

या सवलतींची सामाईक अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर त्या मिळत नाहीत. म्हणून कोट्यातल्या जागेची किंमत म्हणजे फक्त तिथली वाढीव फी नव्हे. हातची गेलेली शिष्यवृत्तीही तिच्यात मिळवावी लागते.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी अनुसूचित जातींना ‘स्वाधार’, आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ आणि ओबीसींना ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते, लहान शहरांत त्याहून कमी. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

केंद्राच्या योजनांपैकी एआयसीटीईची ‘प्रगती’ मुलींसाठी आणि ‘सक्षम’ दिव्यांगांसाठी आहे. दोन्हींत वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. एनआयटी आणि आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. एक लाखाखाली उत्पन्न असलेल्यांनाही ते पूर्ण माफ होते, आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान दोन-तृतीयांश माफी मिळते. मुंबईची आयआयटी आणि नागपूरची व्हीएनआयटी या संस्था महाग असतात असे मानून त्यांचा विचारच न करणाऱ्या कुटुंबांनी ही तरतूद आधी वाचावी.

शैक्षणिक कर्ज

सवलती वजा करून उरलेल्या रकमेसाठी कर्जाचा विचार होतो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत पतहमीमुळे तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात आणि परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन न घेता कर्ज मिळते. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षणकाळ आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात तीन टक्के सूट आहे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पात्र अभ्यासक्रमांसाठी या काळातले पूर्ण व्याज केंद्र सरकार भरते.

व्याजाचे वजन आकड्यांत पाहावे. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख घेतले आणि दर १० टक्के सरळव्याज धरला, तर हप्ते सुरू होईपर्यंत २ लाख १० हजार व्याज चढते. ८ लाख १० हजारांची फेड दहा वर्षांत करायची तर मासिक हप्ता सुमारे १० हजार ७०० रुपये येतो. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ८ हजार ७०० पर्यंत उतरतो, पण एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या आसपास होती ती साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिले तर सहा लाखांवरच हप्ता बसतो आणि दहा वर्षांच्या मुदतीत तो आठ हजारांच्या आत राहतो. पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीच्या पगारातून हा हप्ता सहज निघेल का, हा प्रश्न कर्ज घेण्यापूर्वी विचारायचा. त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या जाहिरातीतल्या सर्वोच्च पॅकेजमध्ये नसून त्या शाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याला मिळालेल्या पगारात असते.

दोन्ही हिशेब एका कागदावर

ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी प्रत्येक पर्यायासमोर चार नोंदी लिहाव्यात: मागच्या वर्षांच्या शेवटच्या फेरीतला लागू रकान्याचा गुणवत्ता क्रमांक, आपला क्रमांक, लागू सवलत वजा केल्यानंतरचा चार वर्षांचा खर्च, आणि त्यातली कर्जाने भागवायची रक्कम. ज्या पर्यायाची चौथी नोंद झेपत नाही तो फॉर्ममधून काढावा, मग त्याचे नाव कितीही मोठे असो. उरलेले पर्याय खऱ्या पसंतीने लावावेत आणि तळाशी खात्रीचे पर्याय ठेवावेत. मुदतीत प्रवेश रद्द केल्यास एक हजार रुपये वजा करून फी परत मिळते. मुदत उलटल्यावर हा हक्क राहत नाही, म्हणून त्या तारखेची नोंदही याच कागदावर असावी.

प्रवेशाचे नियम, उत्पन्नमर्यादा आणि फेऱ्यांची पद्धत दर एक-दोन वर्षांनी बदलते. त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी हेच अंतिम आधार आहेत. हे दोन्ही सार्वजनिक आहेत आणि ते पाहण्यासाठी कोणत्याही सल्लागाराला पैसे मोजावे लागत नाहीत. पालक आणि विद्यार्थ्याने ते एकत्र बसून, फॉर्म भरण्यापूर्वी वाचावेत.